हात धुऊन ये

वस्ताद गेले तेव्हा मागे गॅरेज राहिलं, गाडी राहिली आणि मुलगी राहिली. मुलगाही होता, पण तो राहिला असं म्हणवत नाही. विसाव्या वर्षी तो घरातून जो निघाला तो पुढे पाहुण्यासारखाच येत राहिला. चहा घ्यायचा, घड्याळ बघायचा आणि ‘चला’ म्हणायचा. गॅरेज मुलीला मिळालं, कारण ते चालवू शकेल असं दुसरं कोणी नव्हतं. गाडी मिळाली मुलाला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा, फक्त ह्या नागोबाला बिळाचं तोंड कुठल्या बाजूला आहे तेही ठाऊक नव्हतं.

मुलीला सगळा रस्ता ताई म्हणायचा, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले टॅक्सीवालेसुद्धा. वय एक्कावन्न. लग्न झालं होतं, पाच वर्षांत मोडलं. बॅग घेऊन ती परत आली त्या दिवशी बाबांनी गाडीखालून डोकं न काढता एकच प्रश्न विचारला होता, "तेरा नंबरचा पाना कुठे ठेवून गेलीस?" लोकांनी नंतर फार सहानुभूती दाखवली, पण तिला त्या पान्याएवढं बरं कशानेच वाटलं नाही. तेव्हापासून ती गॅरेजमध्ये होती.

गाडी साधीसुधी नव्हती. गडद हिरवी, बुटकी, लांब नाकाची, दोनच सीटची स्पोर्ट्स गाडी, वय वर्षं सेहेचाळीस. आत बसायचं तर आधी कंबर टाकायची, मग पाय घ्यायचे आणि लाज बाहेरच ठेवायची. बाबांनी ती एका गिऱ्हाइकाच्या शेडमधून उचलून आणली तेव्हा तिच्या सीटमध्ये उंदरांची तिसरी पिढी नांदत होती. आई हयात होती. ती म्हणाली, "माणसं सवत आणतात ती निदान चार भांडी तरी घासते." बाबा गाडीला म्हातारी म्हणायचे, आणि ज्या आवाजात म्हणायचे तो आवाज घरातल्या कुणाच्या वाट्याला आला नाही.

म्हातारीचं इंजिन दोनदा पुरतं खोललं गेलं. पहिल्यांदा बाबांनी खोललं आणि ताईने नटबोल्ट धुतले. दुसऱ्यांदा ताईने खोललं आणि बाबा स्टुलावर बसून चुका काढत राहिले, कारण तोवर त्यांच्या डोळ्यांनी राजीनामा दिला होता. कार्ब्युरेटर तिने बसवला, कॅम तिने बसवला, व्हॉल्वचं अंतर कागदाएवढ्या पातळ पट्टीने तिने मोजलं. गिऱ्हाईक आलं की बाबा म्हणायचे, "माझा राजा चालवेल ही एक दिवस." राजा म्हणजे धाकटा. राजा तेव्हा एका मोठ्या ऑफिसात लोकांच्या रजा मंजूर-नामंजूर करत असे. ताई पट्टी पुसून खोक्यात ठेवायची आणि काही बोलायची नाही. बोलायला हवं होतं, पण त्या घरात न बोलणं ही कमाई समजली जायची.

बाबांचा धंद्याचा एक नियम होता. गिऱ्हाइकाला उत्तर द्यायचं, कारण द्यायचं नाही. "हे तेल घाला" म्हणायचं. "का" विचारलं तर हसायचं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणायचे. "कारण सांगितलंस की तो उद्या घरीच पाना घेऊन बसेल." ताईलासुद्धा त्यांनी शिकवलं असं कधी झालं नाही. तिने बघून बघून उचललं. जे दिसलं ते तिचं झालं, जे दिसलं नाही ते राहिलं.

म्हातारीचं तेल वर्षातून एकदा बदललं जायचं. आधी दहा किलोमीटर फिरवून इंजिन गरम करायचं. मग खालचा बोल्ट काढायचा, काळं तेल ट्रेमध्ये सोडायचं. बाबा त्यातला एक थेंब बोटांवर घेऊन चोळायचे, वास घ्यायचे आणि हुं म्हणायचे. नवा फिल्टर, बोल्टला नवा वॉशर. मग निळ्या डब्यातलं नवं तेल, साडेचार लिटर, मधासारखी धार लावून. शेवटचा थेंब पडला की बाबा म्हणायचे, "जा, हात धुऊन ये."

ताई मागच्या बेसिनवर जायची. साबणाचा चुरा आणि लाकडाचा भुसा घेऊन कोपरापर्यंत हात धुवायची. परत येईपर्यंत बाबांनी तेलाचं झाकण लावलेलं असायचं आणि ते फडक्याने कडा पुसत उभे असायचे. दर वर्षी. तिला वाटायचं, त्यांना म्हातारीपाशी एक मिनिट एकटं राहायचं असतं. बायकोशी आयुष्यात दोन शब्द गोड बोलला नाही हा माणूस, गाडीशी बोलत असेल तर बोलू दे. म्हणून ती हात जरा जास्तच वेळ धुवायची. हा तिचा चांगुलपणा होता, आणि तो तिला पुढे फार महागात पडला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी हात टेकले त्या दुपारी धाकटा उशाशी होता आणि ताई पायाशी. बाबा डोळे न उघडता म्हणाले, "राजा, गाडी तुझी. तेलाचं ताईला विचार."

संपलं. पहिल्या वाक्यात मालक ठरला, दुसऱ्यात नोकर ठरली. धाकट्याने रुमालाने डोळे पुसले आणि त्याचा फोन वाजला म्हणून तो बाहेर गेला. तेव्हा बाबांनी ताईचं मनगट धरलं. धरलं म्हणजे बोटं ठेवली. "हात धुतलेस का?" त्यांनी विचारलं.

तिने हातांकडे बघितलं. नखांत काळं होतं. सकाळी एक ब्रेकचं काम उरकून ती तशीच आली होती. मरणाच्या दारातसुद्धा ह्यांना माझी नखं दिसली, असं तिच्या मनात आलं आणि तिला रडूच आलं. ती बाहेरच्या बेसिनवर गेली, हॉस्पिटलच्या पातळ साबणाने नखं घासत राहिली. परत आली तोवर बाबांना झोप लागली होती. त्या झोपेतून ते उठलेच नाहीत. मुलाला गाडी आणि मला नखं, असं ती पुढे कितीतरी दिवस स्वतःशी म्हणत राहिली.

महिनाभराने धाकटा आला. चकचकीत बूट घालून गॅरेजच्या दारातच उभा राहिला, तेलाच्या डागांवरून उड्या मारत आत आला.

"ताई, म्हातारीचं तेल बदलायचंय."

"मग बदला, राजे."

"बाबांनी तुला विचारायला सांगितलंय ना."

"ऐकलं होतं मी. पायाशीच होते."

त्याने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "मी बरंच वाचलंय गं. लोक म्हणतात फुल सिंथेटिक घाला, एकदम पातळ असतं, इंजिन लोण्यासारखं चालतं."

"कुठले लोक?"

"ऑनलाइन एक ग्रुप आहे."

"मग त्या ग्रुपला म्हणावं, इंजिन बसलं की खोलायलाही तुम्हीच या."

तो हसला. लहानपणी मार चुकवताना हसायचा तसाच. "बरं बाई, तू सांग. तू सांगशील तेच घालतो."

तिने सांगितलं. ट्वेंटी-फिफ्टी, जाड, मिनरल, निळ्या डब्यातलं, बाबा घालायचे तेच. साडेचार लिटर. आधी इंजिन गरम, मग जुनं तेल खाली, फिल्टर नवा, वॉशर नवा. तीन हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. धाकट्याने खिशातून छोटी वही काढून सगळं लिहून घेतलं, आकडे पुन्हा वाचून दाखवले. तिला हे अपेक्षित नव्हतं. तो वाद घालेल, नाकाने कांदे सोलेल अशी तिची तयारी होती.

"आणि जाडच का गं?" त्याने विचारलं.

तिला ठाऊक होतं. जुन्या इंजिनात बेअरिंगच्या फटी मोठ्या असतात, पातळ तेल त्यांत टिकत नाही, तेलाचा दाब उतरतो. दोन वाक्यांचं काम होतं. पण ह्या माणसाला गाडी फुकट मिळाली आहे, कारणही फुकट कशाला, असं तिला वाटलं आणि ते वाटण्यात तिला मजा आली.

"सांगितलं तेवढं कर," ती म्हणाली.

"तूच करून देतेस का? मी नुसता बघतो. शिकेन तरी."

"गाडीचं काम मालकाने स्वतःच्या हाताने करावं," ती म्हणाली आणि समोरच्या गाडीचं बॉनेट उघडून त्यात डोकं घातलं.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. तो तेलाच्या दुकानातून बोलत होता, मागे शटरचा खडखडाट चालू होता. "ताई, निळा डबा मिळाला. पण दुकानदार म्हणतो, हल्लीच्या तेलातलं जस्त कंपन्यांनी कमी केलंय. जुन्या स्पोर्ट्स गाडीला वरून एक छोटी बाटली घालावी लागते. नाहीतर कॅम झिजतो म्हणे. घेऊ का?"

जस्ताबद्दल ताईने कधीतरी ओझरतं ऐकलं होतं, पण तिच्याकडे येणाऱ्या बाकी सगळ्या गाड्या नव्या, त्यांना त्याची गरज नाही. आणि म्हातारीचा डबा तर तोच होता, चित्रासकट. खरं उत्तर एवढंच होतं की मला माहीत नाही, घेऊन ठेव, मी वाचून सांगते. पण ‘मला माहीत नाही’ हे धाकट्याला सांगायचं? बाबांनी तिला एवढं एकच तर दिलं होतं, की तेलाचं ताईला विचार. त्यातही आता एक दुकानदार भागीदार आणायचा?

"पंचवीस वर्षं त्याच डब्यातलं घालतोय आम्ही," ती म्हणाली. "बाटल्या-बिटल्या काही नाही. दुकानदाराला माल खपवायचाय. उंटावरचे शहाणे सगळे."

"नक्की ना?"

"मला विचारतोयस की त्याला?"

"तुलाच गं," तो म्हणाला. संध्याकाळी त्याने फोटो पाठवला. स्वतःच्या घराच्या फाटकापाशी, शर्टाच्या बाह्या वर करून, हातात निळा डबा, बाजूला आठ-नऊ वर्षांची मुलगी नरसाळं धरून. खाली लिहिलं होतं, "हेच ना आत्या?" भाचीने लिहिलं असणार. ताईने अंगठा पाठवून दिला.

मग सात महिने काही नाही. अधूनमधून म्हातारीचे फोटो यायचे, कुठल्या डोंगराच्या वळणावर, कुठल्या तळ्याकाठी. भाची टोपी घालून मालकिणीच्या थाटात बसलेली. ताई फोटो मोठा करून टायरांकडे बघायची आणि फोन उपडा ठेवायची. तिला त्यांचा राग यायचा. आणि एवढ्याशा पोरीचा राग येतो ह्याची लाज वाटायची, म्हणून अजून राग यायचा.

आठव्या महिन्यात म्हातारी आली ती दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून. मागोमाग धाकटा टॅक्सीने. "आधी नुसतं टकटक वाजत होतं," तो म्हणाला. "मग ताकद गेली. चढावर कार्ब्युरेटरमधून फटाके वाजायला लागले."

ताईने खालचा बोल्ट काढला. तेल आलं आणि त्यात चांदीची भुकटी टाकावी तसं चमचमत होतं. आतला धातू झिजून तेलात उतरला होता. पुढचे दोन दिवस तिने इंजिन उतरवण्यात घातले आणि तिसऱ्या दिवशी धाकट्याला बोलावून कॅम त्याच्या पुढ्यात टाकला. कॅम म्हणजे उंचवटे असलेला एक दांडा. तो फिरतो आणि एकेक उंचवटा आपल्या वेळेला व्हॉल्व उघडतो. तिने आपल्या हाताने बसवलेल्या त्या दांड्यावरचे तीन उंचवटे झिजून गोल गुळगुळीत झाले होते, आणि त्यांच्यावर घासणाऱ्या टॅपेटांना वाट्यांसारखे खळगे पडले होते.

"काय ओतलंस?" तिने विचारलं.

"तू सांगितलंस तेच."

"खोटं बोलू नकोस."

"फोटो पाठवला होता ना तुला!"

"फोटो डब्याचा पाठवलास. आत काय गेलं ते कोणी बघितलं? त्या तुझ्या ग्रुपने सांगितलेलं पातळ पाणी ओतलं असशील."

धाकट्याचा चेहरा उतरला. तो काहीतरी सांगणार होता असं वाटलं, पण त्याने ओठ मिटले. "तुझ्या मनासारखं झालं ना?" एवढंच म्हणाला.

"माझ्या मनासारखं ह्या घरात काय झालंय कधी?" ती ओरडली. "पंचवीस वर्षं माझे हात जळले हिच्यावर, आणि तू एका वर्षात मारलीस! बाबांनी माकडाच्या हाती कोलीत दिलं!"

तो गेला. डागांवरून उड्या न मारता, सरळ त्यांतून चालत गेला.

ताईने कॅम उचलला. झिजलेल्या उंचवट्याची कड पात्यासारखी झाली होती. तिने तिची तर्जनी चांगलीच कापली. पट्ट्या नेहमी टेबलाच्या खणात असायच्या, त्या संपल्या होत्या. भिंतीवर प्रथमोपचाराची पत्र्याची पेटी होती, बाबांच्या काळातली, जी कधी कोणी उघडत नसे कारण तिची कडी अडकायची. तिने स्क्रूड्रायव्हर घालून कडी उचकटली.

आत पट्ट्या नव्हत्या. आत छोट्या पांढऱ्या बाटल्या होत्या, जेमतेम हाताच्या मुठीत मावतील एवढ्या. बऱ्याच रिकाम्या, एक भरलेली. बाबा रिकामी बाटली कधी टाकत नसत. बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेलं होतं: जुन्या इंजिनांसाठी, हल्लीच्या तेलातून कमी केलेलं जस्त भरून काढते, दर तेलबदलीला एक बाटली. पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला होता आणि त्यावर बाबांच्या तिरप्या अक्षरात तारखा होत्या. अठरा. तिने फळीवरची कामांची वही काढून ताडून बघितल्या. रक्ताचे ठिपके वहीवर पडत होते. एकही तारीख चुकली नव्हती.

ती तिथेच स्टुलावर बसली, बाबांच्या स्टुलावर.

अठरा वर्षांपूर्वीचं तिला आता आठवलं. एका टॅक्सीवाल्याच्या जुन्या गाडीचा कॅम असाच झिजून गोल झाला होता, तेल बाबांनीच घातलेलं. बाबांनी त्याला सांगितलं होतं, "धातूच कच्चा होता." डबा तोच होता, वरचं चित्र तेच होतं, आतलं तेल कंपनीने बदललं होतं. बाबांना ते त्या दिवशी कळलं असणार. आणि त्याच वर्षीपासून ‘जा, हात धुऊन ये’ सुरू झालं, तेही आता तिच्या ध्यानात आलं. म्हणजे गाडीशी गोड बोलणं वगैरे काही नव्हतं. ती बेसिनवर साबण लावत असताना हा माणूस घाईघाईने बाटली रिकामी करत होता. तिच्यापासून लपवून. तिला वाटत होतं ती त्यांचा उजवा हात आहे. अठरा वर्षं ती त्यांचं गिऱ्हाईकच होती.

आणि हॉस्पिटलमधला तो प्रश्न? सांगायला निघाले होते का? की सवयीने तिला बाहेर घालवत होते? तिने नखं घासली नसती, तिथेच बसून राहिली असती, तर? हे तिला आता कोणीही सांगू शकणार नव्हतं. तिला बाबांचा इतका राग आला की ते पुन्हा एकदा जिवंत व्हावेत आणि तिने त्यांना तोंडावर विचारावं असं वाटलं.

मग राग ओसरला आणि खालून दुसरंच वर आलं. दुकानदाराने सांगितलं होतं. धाकट्याने विचारलं होतं, एकदा नाही, दोनदा. नक्की ना? तुलाच गं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा तिचं अक्षर न् अक्षर ऐकलं होतं, आणि म्हातारी त्यामुळेच मेली.

तिने त्याला फोन करायचं ठरवलं. बोट बांधून झाल्यावर करू, म्हणाली. मग जेवून. मग सकाळी, डोकं शांत असताना. सकाळी तिने "राजा, माझं चुकलं" एवढं लिहिलं, बराच वेळ बघितलं आणि पुसलं. काय सांगणार? की बाबांनी तेलाचं ताईला विचार म्हटलं, आणि ताईलाच ठाऊक नव्हतं? मग ताईकडे उरलं काय? पंधरा दिवस असे गेले. बाटल्या तिने पेटीतून काढून आपल्या खणात ठेवल्या आणि खणाला कुलूप लावलं.

सोळाव्या दिवशी धाकटा दारात उभा. आज साध्या चपला. दाढी वाढलेली. हातात कागदांची पिशवी.

"ताई, बोलायचंय."

दुकानदार भेटला ह्याला, असं तिला वाटलं.

"मी खोटं बोललो होतो," तो म्हणाला. "पूर्ण नाही, पण बोललो. तेल तुझंच घातलं होतं. पण दोन महिन्यांपूर्वी आम्ही डोंगराकडे गेलो होतो, पोरीने तेल मोजायची पट्टी काढून बघितली तर तेल कमी. पंपावर ट्वेंटी-फिफ्टी नव्हतं. तिथल्या माणसाने दुसरं कुठलं तरी दिलं, पातळ. अर्धा लिटर घातलं. तुला फोन करणार होतो, पण वाटलं तू ओरडशील." "त्यानेच गेलं ना इंजिन? मी रोज तेच धरून बसलोय. बाबांची एक वस्तू मला सांभाळता आली नाही."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. त्या अर्ध्या लिटराने म्हातारीला साधी सर्दीही झाली नसती. चार लिटर जाड तेलात अर्धा लिटर पातळ, तेही एका प्रवासापुरतं. कॅम तर कितीतरी आधीपासून झिजत होता. हे तिला ठाऊक होतं. कारणसुद्धा ठाऊक होतं, ह्या वेळी पुरतं ठाऊक होतं, खणात कुलूपबंद होतं. किल्ली तिच्या खिशात होती आणि मांडीला टोचत होती.

"बोल ना काहीतरी," धाकटा म्हणाला.

"असू दे," ताई म्हणाली. "होतं असं."

त्याने डोळे मिटले. मग पिशवीतून कागद काढून बाकावर ठेवले. "गाडी तुझ्या नावावर केलीय. सही तेवढी राहिलीय तुझी. बाबांनी तुलाच द्यायला हवी होती, ताई. तिच्यातलं सगळं तुलाच कळतं. आम्ही नुसते बसणारे."

हे वाक्य ऐकायला ती पंचवीस वर्षं थांबली होती. कितीदा तरी तिने ते मनात, वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी घालून बघितलं होतं. बाबांच्या तोंडी तर रोज. आता ते खरंच आलं आणि तिला ते घशाखाली उतरेना. तरी तिने पेन घेतलं. सही केली. कापलेल्या बोटामुळे अक्षर जरा तिरपं आलं, अगदी बाबांसारखं.

कॅम घासून परत उंच करून आणायला, नवे टॅपेट मिळवायला, सगळं जुळवून बसवायला अडीच महिने गेले. धाकटा दर रविवारी येऊ लागला. नट धुवायचा, पाने हाताशी द्यायचा, बोलायचा कमी. तेरा नंबर आणि चौदा नंबर न बघता ओळखायला लागला. एका रविवारी भाचीला घेऊन आला, ती तासभर स्टुलावर बसून चुका काढत राहिली. ताईला हसू यायचं आणि लगेच काहीतरी आठवून ते जिरायचं. तो इतका चांगला वागत होता की तिला त्याच्याकडे नीट बघवत नव्हतं. दर रविवारी ती ठरवायची, आज सांगू. दर रविवारी तो जायचा.

इंजिन बसलं. म्हातारी चार पायांवर उभी राहिली. ताईने निळा डबा फोडला, नरसाळं लावलं आणि साडेचार लिटरची धार सोडली. धाकटा बाजूला उभा राहून बघत होता, वही घेऊन. जुनीच वही, तिने पहिल्यांदा सांगितलेलं सगळं त्यात होतं.

"ह्या वेळी सगळं नीट लिहून घेतो," तो म्हणाला. "पोरीला सांगता येईल पुढे. आता नुसतं झाकण लावायचं ना? की अजून काही असतं?"

शेवटचा थेंब नरसाळ्यातून पडला. सांगायला ह्याहून सोपी वेळ येणार नव्हती. त्याने प्रश्नच तिच्या हातात आणून दिला होता. ताईने त्याच्या हातांकडे बघितलं. नखांत काळं गेलं होतं. बाबांच्या राजाच्या नखांत.

"किती बरबटलेत बघ," ती म्हणाली. "जा, हात धुऊन ये."

तो हसला, वही बाकावर ठेवली आणि मागे गेला. बेसिनचा नळ सुटला. ताईने खिशातून किल्ली काढली, खण उघडला आणि भरलेली बाटली तेलाच्या तोंडावर उपडी केली. मागे पाण्याचा आवाज चालूच होता. तो कोपरापर्यंत, मन लावून हात धूत होता, तिला म्हातारीपाशी एक मिनिट एकटीला मिळावं म्हणून जरा जास्तच वेळ. बाटली रिकामी झाली. तिने झाकण लावलं आणि फडक्याने कडा पुसत उभी राहिली.